सहवासाची साक्ष : विदर्भ साहित्य संघाच्या अध्यक्षांस खुले पत्र

पातूर, जिल्हा अकोला

माननीय अध्यक्ष महोदय,
विदर्भ साहित्य संघ यांस,



आपल्या संघाची स्थापना १९२३ साली अमरावतीस झाली, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. या अवधीत वऱ्हाड आणि नागपूर प्रांतांतील कवी, कथाकार आणि नाटककार यांच्या ग्रंथांची व स्मृतींची आस्थेने जोपासना झाली, हे तालुक्याच्या गावी राहणारा एक वाचक या नात्याने मी कृतज्ञतेने प्रारंभीच नमूद करतो. हे पत्र खुलेपणाने लिहिण्याचे प्रयोजन एवढेच की, या थोर कार्यात आणखी एका कामाची भर पडावी आणि ती लवकर पडावी. कविता, कथा किंवा चित्र ज्या घरात प्रत्यक्ष घडते त्या घरातील माणसांची, म्हणजे कलावंताबरोबर एका छपराखाली आयुष्य काढणाऱ्या पती, पत्नी, भाऊ, बहीण, मुलगा, सून यांची जबानी, ती माणसे हयात आहेत तोवर, रीतसर नोंदवून ठेवावी, ही माझी आपल्याकडे दरखास्त आहे.

दरखास्त करणाऱ्या इसमाने आपला या प्रकरणाशी संबंध काय हे सांगितले पाहिजे, असा आमच्या कचेरीचा रिवाज. मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो; माझी पत्नी कवयित्री आहे. काही प्रमाण मराठीत, पण बहुतेक आमच्या वऱ्हाडी बोलीत ती लिहिते. तिच्या काही कविता नियतकालिकांतून छापून आल्या, काही कविसंमेलनांत तिने वाचल्या, आणि बऱ्याचशा घरातच राहिल्या. तिचे नाव या पत्रात येणार नाही, कारण ते द्यावयास तिची संमती नाही. मात्र मी जे पाहिले ते लिहावयास तिची हरकत नाही, आणि हा मजकूर तिने वाचला आहे.

ज्या दप्तरात माझी उमेदीची सारी वर्षे गेली तेथे एक गोष्ट मनावर पक्की ठसली. घटना ज्याने पाहिली त्याचे म्हणणे, ते कितीही अडाणी शब्दांत असो, वेळेवर आणि तारखेनिशी लिहून घेतलेले असले म्हणजे पुढे पन्नास वर्षांनीही कामास येते. आणि ते लिहून घेतलेले नसले म्हणजे त्या जागी अटकळ उभी राहते, अटकळीची आख्यायिका होते, आणि आख्यायिका एकदा तोंडोतोंडी झाली की तिच्यावर हरकत घ्यावयास कुणी उरत नाही. गावच्या जुन्या कोतवाल बुकातील एका ओळीच्या जन्मनोंदीने घरादाराचे तंटे मिटलेले मी पाहिले आहेत. कोणाची आजी कोणत्या साली वारली, एवढ्याशा गोष्टीची नोंद ठेवण्यासाठी ज्या समाजाने माणूस नेमला, त्या समाजाने एखादी कविता कशी जन्मली याची नोंद ठेवण्याची तजवीज कोठेच करू नये, याचे मला सखेद आश्चर्य वाटत आले आहे.

आता मी काय पाहिले ते सांगतो. कविता येण्याच्या आधीचे दिवस आमच्या घरात ओळखू येतात, आणि ते तिच्याआधी मला ओळखू येतात, ही गोष्ट मला ध्यानी यावयास संसाराची बरीच वर्षे जावी लागली. त्या दिवसांत ती दु:खी नसते, आनंदीही नसते; स्वयंपाक, पाहुणे, देणेघेणे, लेकीबाळींची पत्रे हा सारा व्यवहार यथास्थित चालू असतो; परंतु ती फडताळातील भांडी कारणाशिवाय खाली काढते आणि पुन्हा होती तशीच लावते, रेडिओ लागला तर तत्काळ बंद करते, पण शेजारच्या पिठाच्या चक्कीचा दिवसभराचा घरघराट तिला मुळीच बाधत नाही. आणि ती प्रश्न विचारते. मी शेतकऱ्याच्या घरचा, म्हणून ते प्रश्न बहुधा शेतीचे असतात: तिफणीमागे सरता धरून चालणारी बाई तो कोणत्या हाताने धरते, ओल कमी असली म्हणजे ती पाऊल कसे टाकते, तासाच्या कडेला पोचल्यावर मूठ झाकते की उघडी ठेवते. मी जमेल तसे उत्तर देतो. पुढे जी कविता होते तिच्यात तिफण नसते, सरता नसतो, पेरणीही नसते. एकदा अशा प्रश्नांच्या आठवड्यानंतर जी कविता उतरली ती तिच्या एका बालमैत्रिणीच्या लग्नाची होती. त्या झाकलेल्या मुठीचा त्या मांडवाशी संबंध काय, हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. मग पुष्कळ काळानंतर ती कविता पुन्हा वाचताना एका शब्दाच्या ठेवणीत ती मूठ मला दिसली, किंवा दिसल्यासारखी वाटली.

ती लिहिते ओट्याशी उभी राहून. किराणा दुकानाच्या चिठीमागे, दिनदर्शिकेच्या उलटलेल्या पानावर, हाती येईल त्या कागदावर. तो कागद एका डब्याखाली जातो. त्या वेळी काय झाले म्हणून विचारले तर एकच उत्तर येते, आणि ते तिच्या माहेरच्या बोलीत येते: "थे अजून आलं नाई. आलं म्हंजे सांगतो." या डब्याखालच्या मुक्कामाचा अवधी कधी दोन दिवसांचा असतो, कधी पावसाळा जाऊन उन्हाळा येतो. मग एखाद्या दुपारी ती कागद काढून पुटपुटत वाचते, बोटांनी ओट्यावर ताल धरते आणि खोडू लागते. हे खोडणे मी अनेकदा जवळून पाहिले आहे, आणि माझ्या मते कवितेचे खरे कष्ट तेथे आहेत. एकदा तिने एक ओळ खोडली जी मला त्या साऱ्या कवितेत सर्वांत सुंदर वाटत होती. मी न राहवून विचारले. ती म्हणाली, "थी ओळ चांगली हाय, पन थी माही नाई." ती ओळ दुसऱ्या कुणाची चोरलेली नव्हती, तिनेच रचलेली होती. तरी ती आपली नव्हे हे तिला कळले, आणि कशाने कळले हे तिला सांगता आले नाही. अध्यक्ष महोदय, काव्यशास्त्रावरील जे थोडे ग्रंथ मी वाचले त्यांत या प्रश्नाचे उत्तर मला मिळालेले नाही. परंतु हा प्रश्न असा प्रत्यक्ष पडतो, एवढे तरी त्या ओट्याशी उभ्या असलेल्या साक्षीदारावाचून कुणाला कळले असते?

आणखी एक प्रसंग सांगणे मला अगत्याचे वाटते. तिचे माहेर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे, जेथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि गोड्या पाण्याच्या एका घागरीसाठी बायांच्या कित्येक पिढ्यांनी पायपीट केली. लग्न होऊन ती डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या पातुरास आली तेव्हा पहिल्या दिवशी आडाचे पाणी पिऊन ती काही वेळ बोलली नव्हती. तिची आई वारली तेव्हा मला वाटले की आता हिच्या हातून आईवर काही लिहिले जाईल. काही लिहिले गेले नाही. ना त्या महिन्यात, ना त्या वर्षात. पुढे केव्हातरी टंचाईच्या दिवसांत टँकर आला असता तिने पाण्याची एक कविता लिहिली. तिच्यात आई हा शब्द नाही, मरण नाही, माहेर नाही; एक बाई घागर डोक्यावर घेऊन चालते आहे आणि घागरीतले पाणी हिंदकळू नये म्हणून मान वळवीत नाही, एवढेच आहे. कविसंमेलनात श्रोत्यांनी ती पाणीटंचाईवरील कविता म्हणून वाखाणली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु तिची आई अखेरच्या दुखण्यात मानेने खिळली होती आणि लेकीकडे मान वळवून पाहू शकत नव्हती, हे मी पाहिले होते. मी धीर करून विचारले की या कवितेत आई आहे ना. तिने थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "मले मालूम नाई."

येथे माझ्या मुख्य म्हणण्याशी मी येतो. ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नवनिर्मितीच्या चार अवस्था सांगितल्या: आधी तयारी, मग विषय मनाच्या तळाशी पडून राहण्याचा अज्ञातवासाचा काळ, मग अकस्मात प्रकाश, आणि शेवटी पारखून, घासून पक्के करणे. फ्रेंच गणिती पोआंकारे यांनी त्यापूर्वीच आपला अनुभव लिहून ठेवला होता की, पुष्कळ दिवस न सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना प्रवासात, घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी, त्या विषयाचा विचारही मनात नसताना मिळाले. आमचा संस्कृत आचार्य मम्मट काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही त्रयी एकत्र बांधतो. ही सारी विवेचने मोलाची आहेत. पण वॉलसने सांगितलेली दुसरी अवस्था पाहा. तिचे लक्षणच असे की त्या काळात कलावंताला आपण काही निर्माण करीत आहोत याचे भान नसते. ज्याचे भान नाही त्याची साक्ष तो कशी देणार? कलावंताची मुलाखत घेणारा त्याला विचारतो, तो कलावंत मागाहून आठवून सांगतो, आणि आठवताना, कोणताही सज्जन माणूस सांगेल तसे, त्याला ठाऊक असलेले दोन टोकांचे क्षण जोडून मधली वाट स्वत:च आखतो. ती मधली वाट कलावंत चालत असताना पाहणारे डोळे फक्त घरच्या माणसाचे असतात. फडताळ आवरण्याचे, प्रश्न विचारण्याचे, रेडिओ बंद करण्याचे ते दिवस कवयित्रीच्या आठवणीत नाहीत. मी सांगितले तेव्हा तिला नवल वाटले. प्रतिभेच्या सर्वांत गूढ अवस्थेचा एकमेव प्रत्यक्षदर्शी जर कुणी असेल तर तो सहवासी होय, असे मी म्हणतो, आणि माझ्या दरखास्तीचा सारा आधार या एका गोष्टीवर आहे.

या साक्षीला मर्यादा आहे हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो. मी हिंदकळणारी घागर पाहिली आणि खिळलेली मान पाहिली. एकीची दुसरी कशी झाली ते मी पाहिलेले नाही, आणि पाहिले म्हणण्याचा मला अधिकार नाही. साक्षीदाराने जे दिसले तेथेच थांबावे.

सहवासाचा आणि काव्याचा हा संबंध आमच्या या मुलखाला नवा नाही. आमच्या पातुरावरून जी सडक घाट चढून मेडशी आणि मालेगावावरून पुढे जाते ती वाशिमास पोचते, आणि हे वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात एक कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घर सोडून निघाला. त्याला बांधून ठेवण्यास प्रेमासारखे दुसरे बंधन नाही हे ओळखून गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली आणि तिला त्याच्या मागे धाडले. ती पूर्वेस गेली, पांचालात गेली, अवंतीस गेली, दक्षिणेस आली. देशोदेशी तिने वेगवेगळा वेष केला आणि त्याचे मन हळूहळू वळत गेले. अखेर विदर्भात, वत्सगुल्म नगरीत, दोघांचा गांधर्व विवाह झाला. वैदर्भी रीतीचे माहात्म्य सांगणारी ही कथा पंडितांना परिचित आहे. मला तिच्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते: काव्यपुरुष एकटा फिरत असता त्याच्या हातून जे झाले नाही ते कुणीतरी सोबत चालू लागल्यावर झाले, असे त्या आचार्याचे मत दिसते. आणि हे मत त्याने स्वत:च्या घरातही पाळले. त्याची पत्नी अवंतिसुंदरी विदुषी होती. काव्यमीमांसेत तो इतर आचार्यांच्या मतांबरोबर तिचेही मत नावानिशी देतो, आणि त्याची 'कर्पूरमंजरी' तिच्याच इच्छेवरून रंगभूमीवर आली. त्याच ग्रंथात कवीचे घर कसे असावे, त्याचे सेवक, दासी आणि अंत:पुरातील स्त्रिया कोणकोणत्या भाषा बोलणाऱ्या असाव्यात, दिवसाचे प्रहर त्याने कसे घालवावेत, याचा तपशील आहे. अर्धी झालेली रचना कुणासमोर वाचू नये, वाचल्यास ती पुरी होत नाही, असेही तो बजावतो. तो उतारा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा डब्याखालच्या कागदाचा अर्थ मला कळला. माझ्या पत्नीने राजशेखराचे नावही ऐकलेले नव्हते.

या मुलखातील दुसरे उदाहरण आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांचा जन्म १९०१ सालचा, आमच्याच जिल्ह्यातील मूर्तिजापूरचा. त्यांच्या पत्नी कुसुमावतींचा १९०४ सालचा, अमरावतीचा. ते न्यायखात्यात, त्या नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापिका. अनिलांनी १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले आणि कुसुमावतींनी १९६१ साली ग्वाल्हेरच्या. संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. विवाहापूर्वी या दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे 'कुसुमानिल' या नावाने १९७२ साली ग्रंथरूपाने आली, हे मराठी वाङ्मयाचे भाग्य. परंतु याच दांपत्याच्या बाबतीत कागद नजरेआड झाला म्हणजे काय होते तेही दिसून येते. कुमार गंधर्वांच्या गळ्यातून घरोघरी गेलेली अनिलांची ती रुसव्याची कविता पत्नीच्या निधनानंतर, तिच्या निश्चल देहाकडे पाहून लिहिली गेली, अशी गोष्ट आजही मोठ्या हळव्या मनाने सांगितली जाते. वस्तुत: ती कविता कुसुमावती हयात असतानाची आहे. गोष्ट सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना कवितेची थोरवीच वाढवायची असते. तथापि त्यामुळे जिवंत माणसाच्या रुसव्यातून, रोजच्या संसारातल्या एका अबोल्यातून, एवढी उत्कट कविता उगवू शकते, हे जे खरे आश्चर्य, तेच आपल्या हातून निसटते. मृत्यूशिवाय काव्याला गांभीर्य येत नाही असे मानणाऱ्यांनी घरातला अबोला कधी नीट ऐकलेला नसावा.

आणि कुसुमावतींचे काय? 'दीपकळी'तील आणि 'मोळी'तील कथा लिहिणारी, मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा साक्षेपाने धांडोळा घेणारी, 'पासंग'सारखा समीक्षाग्रंथ देणारी ही लेखिका कशी लिहीत असे, कोणत्या वेळी, महाविद्यालयाचे काम आणि घर सांभाळून, काय खोडत असे, काय ठेवीत असे? तिच्याकडे आपण बहुधा कवीची प्रिया म्हणून पाहतो. कलावंत पतीविषयी पत्नीने लिहिलेले पुष्कळ उत्तम लेखन मराठीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, आणि ना. वा. टिळकांना वस्तूंची, पैशांची, वेळेची शुद्ध नसे म्हणजे काय, आणि त्याच माणसाच्या हातून कविता कशी होई, हे तेथे जसे दिसते तसे कोणत्याही चरित्रात दिसत नाही. पतीच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' या बाईंनीच पुढे चालवले. लीलाबाई पटवर्धनांनी माधव जूलियनांबरोबरच्या आपल्या अकरा वर्षांवर लिहिले, सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली आले. पतीने कलावंत पत्नीविषयी, ती कशी घडवते याविषयी, इतक्या बारकाईने लिहिलेले माझ्या वाचनात फारच थोडे आले. मी हे पत्र लिहावयास बसलो त्याचे हे एक कारण आहे. पुरुषांनी पाहिले नसेल असे मला वाटत नाही. पाहण्याजोगे ते आहे असे त्यांना कुणी सांगितले नाही.

शेजारच्या खानदेशात मात्र एका मुलाने पाहिले. बहिणाबाई चौधरींना लिहिता वाचता येत नव्हते. जात्याशी आणि शेतात त्यांच्या मुखातून जी गाणी निघत ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे एक मावसभाऊ यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात वारल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने आली. मध्ये तो टिपणारा हात नसता तर त्या गाण्यांतले आज काही उरले नसते. आमच्या वऱ्हाडात अशा किती बाया दळताना, निंदताना, दंडारीच्या रात्री आणि भुलाबाईच्या दिवसांत गाणी रचून गेल्या, याचा विचार मनात आला म्हणजे जीव कासावीस होतो.

परदेशातले एकच उदाहरण देऊन पुढे जातो. वर्ड्स्वर्थ या इंग्रज कवीची पिवळ्या फुलांवरील कविता आपण शाळेत शिकलो. तिच्यात कवी एकटा भटकत असता त्याला फुलांचा ताटवा दिसतो. परंतु त्याची बहीण डोरोथी हिच्या रोजनिशीत १५ एप्रिल १८०२ या तारखेस ती फुले, तो वारा आणि ते सरोवर यांचे वर्णन आहे, आणि त्या दिवशी भाऊ व बहीण दोघे बरोबर होते. कविता लिहिली गेली त्यानंतर दोन वर्षांनी. कवीने बहिणीला कवितेतून वगळले यात मी अन्याय पाहत नाही. त्या कवितेला एकटेपणाची गरज होती. पण कवितेला काय लागते आणि जीवनात काय होते, या दोहोंतील अंतर मोजण्याचे साधन आज जगापाशी आहे ते केवळ त्या रोजनिशीमुळे. ती रोजनिशी जपली गेली. आमच्याकडच्या अशा वह्या रद्दीत जातात. आमच्या भागातील एका जुन्या कवीच्या मृत्यूनंतर त्यांच्या हस्तलिखितांची पेटी आणि त्यांच्या पत्नीने ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या घरच्यांनी घर बांधताना तोलून विकल्या, असे मला उशिरा कळले. त्या हिशेबाच्या वह्यांत कवितांच्या तारखा होत्या. कारण कविता छापून आली की त्या बाई तिचे मानधन जमेस धरीत.

म्हणून, अध्यक्ष महोदय, माझी विनंती अशी आहे. संघाने प्रत्येक तालुक्यात एक विश्वासू, सबुरीने ऐकणारी व्यक्ती नेमावी, आणि तिने कलावंतांच्या घरी जाऊन घरच्या माणसांची जबानी ध्वनिमुद्रित करून घ्यावी. ती त्यांच्या बोलीतच असावी; वऱ्हाडीची प्रमाण मराठी करू नये, कारण "आलं नाई" आणि "सुचले नाही" यांत जो फरक आहे तो गेल्यास साक्षच गेली. कलावंत या शब्दाची व्याप्ती छापील पुस्तकापुरती राखू नये. मूर्तिकार, भजनी मंडळातले गायक, दंडारीचे सोंगाडे, गोधडी शिवणारी बाई यांची घरेही त्यात यावीत. प्रश्न मोजके आणि वस्तुनिष्ठ असावेत: कोठे बसून, कोणत्या वेळी, कशावर, आधी काय होत असे, नंतर काय होत असे. 'तुम्हाला अभिमान वाटतो का' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सगळे एकच देतात. खर्डे, खोडलेले कागद, चिठ्या यांची तारखेसह नक्कल घ्यावी आणि मूळ कागद घरच्यांस परत करावेत.

यात एक नाजूक बाब आहे, आणि ती आपण टाळू नये. घरच्या साक्षीत कष्ट येतील, कर्ज येईल, व्यसन येईल, उपेक्षा येईल; पतीच्या लेखणीसाठी जिने आपली लेखणी बाजूला ठेवली ती पत्नी कधी कडूही बोलेल. तो भाग गाळू नये, सौम्यही करू नये. कविता घरात येते तेव्हा तिचा खर्च घरातील कुणीतरी उचलत असते, आणि तो कोणी उचलला हे कळल्याने कविता लहान होत नाही. मात्र बोलणाऱ्याची इच्छा असेल तर ती जबानी मोहोरबंद ठेवावी, त्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत उघडू नये, आणि हा शब्द संघाने लेखी द्यावा. दप्तराची गुप्तता पाळता येते. मी ती आयुष्यभर पाळली आहे. संघाच्या 'युगवाणी' या नियतकालिकातून, संबंधितांच्या संमतीने, अशी एकेक जबानी अंकागणिक छापता आली तर इतर घरांनाही बोलण्याचा धीर येईल.

कोणी म्हणेल की एवढे करूनही प्रतिभेचे रहस्य उलगडणार नाही. ते उलगडावे अशी माझी अपेक्षा नाही. आमच्या पातुरच्या डोंगरात कातळ कोरून केलेली लेणी आहेत. छिन्नी धरणाऱ्या हातांविषयी, त्यांना भाकर पोचवणाऱ्यांविषयी, दुपारी ते हात का थांबले आणि पुन्हा का चालू लागले याविषयी आपल्यापाशी एक अक्षर नाही, आणि आता ते कधीही मिळणार नाही. आजच्या घरांविषयी आपल्याला तसे म्हणण्याची पाळी येऊ नये, कारण आज ती माणसे जिवंत आहेत, त्यांतील बरीच साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत, आणि त्यांना अजून कुणी काही विचारलेले नाही.

पातूर तालुक्याचे काम मी विनावेतन करीन. लिहिण्याची, तारखा तपासण्याची आणि लोकांचे म्हणणे न तोडता ऐकण्याची सवय मला आहे, आणि कोणत्या गावी कोणाचे घर आहे हेही मला ठाऊक आहे. पहिली जबानी माझी स्वत:ची घ्यावी, आणि ती घेणारी व्यक्ती दुसऱ्या गावची असावी, म्हणजे मी जे सांगीन त्याची उलटतपासणी माझ्या पत्नीसमक्ष नीट होईल. आपण केवळ जबानीचा एक नमुना ठरवून संघाच्या शिक्क्यानिशी तालुक्यातालुक्यांत पाठवावा, आणि तो येत्या पावसाळ्यापूर्वी पाठवावा, एवढीच प्रार्थना आहे. कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
पातूरचा एक निवृत्त अव्वल कारकून